सेफ्टी व्हॉल्व्हचा आकार आणि आपली गृहीतकं

मंडळी, आजचा विषय कारखान्यातला आहे. तत्त्वज्ञानवाल्यांनी त्यात कशाला डोकवावं, असं कुणी विचारेल. आपलं उत्तर एवढंच, की सेफ्टी व्हॉल्व्ह केवढा बसवायचा हे काही गृहीतकांवर ठरतं आणि त्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. गृहीतकं तपासणं हाच तर आपला धंदा.

हीट एक्स्चेंजर म्हणजे एक मोठं नळकांडं, त्याला शेल म्हणतात, आणि त्याच्या पोटात बारीक नळ्यांचा जुडगा. नळ्यांतून एक द्रव जातो, बाहेरून दुसरा. दोघं एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त उष्णतेची देवाणघेवाण होते. आता समजा, शेलकडे येणारी-जाणारी वाट बंद आहे, आत द्रव अडकलाय आणि खाली सांडलेल्या तेलानं पेट घेतला. द्रव उकळणार, दाब चढणार. वाफेला वाट द्यायची ती रिलीफ व्हॉल्व्हनं.

ती वाट केवढी हवी? आधी बघायचं, आत उष्णता किती शिरते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ५२१ क्रमांकाच्या मानकात त्याचं सूत्र आहे. शेलचा जो भाग आतून द्रवानं भिजलेला आहे त्याचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्यायचं, त्याचा ०.८२ वा घात काढायचा आणि ४३,२०० नं गुणायचं. उष्णतारोधक वेष्टण नसेल तर हेच उत्तर, वॉटमध्ये. क्षेत्रफळ २० चौरस मीटर असेल तर साधारण ५०४ किलोवॉट येतात. द्रवाची सुप्त उष्णता किलोला ३०० किलोज्यूल धरली, तर तासाला सुमारे ६,००० किलो वाफ झाली. एवढी वाफ जाऊ देणारं तोंड, ठरीव मापांतलं लगेच वरचं, निवडायचं. आगीच्या प्रसंगी दाब कमाल मंजूर दाबाच्या १२१ टक्क्यांपर्यंत चढू देतात, त्यावर नाही.

आता या आकड्यांच्या पोटात काय दडलंय ते बघू. घात १ का नाही? कारण मोठं भांडं एकाच वेळी सगळीकडून ज्वाळांत सापडत नाही, असं मानलंय. आग जिथं टिकू शकते त्या पातळीपासून ७.६ मीटरपर्यंतचाच भिजलेला भाग मोजायचा, हेही मानलेलंच. आणि ४३,२०० कधी? सांडलेलं तेल वाहून जायला नीट उतार असेल आणि आग विझवणारे वेळेवर पोचणार असतील, तरच. नाहीतर तिथं ७०,९०० घ्यायचे. मग आपल्या उदाहरणातली वाफ तासाला ९,९०० किलोंवर जाते. म्हणजे बघा, तुंबलेल्या एका गटारानं कागदावरचा बरोबर व्हॉल्व्ह अपुरा ठरतो!

आणखी एक गोष्ट. व्हॉल्व्ह दाब आवरतो, धातू थंड ठेवत नाही. द्रव टेकलेला असेपर्यंत पत्र्याची उष्णता तो ओढून घेतो. पण द्रव उकळून पातळी उतरली की वरचा पत्रा कोरडा पडतो, तापतो, मऊ होतो आणि मंजूर दाबालाही फाटू शकतो. ४ जानेवारी १९६६ रोजी फ्रान्समधल्या फेझँ इथं असंच घडलं. तिथं हीट एक्स्चेंजर नव्हता, प्रोपेन साठवायची गोल टाकी होती. पण तत्त्व तेच. रिलीफ व्हॉल्व्ह उघडला होता, तरी टाकी फुटली. त्या दुर्घटनेत १८ माणसं गेली.

म्हणून व्हॉल्व्हच्या जोडीला पाण्याचे फवारे लागतात, आगीत टिकणारं वेष्टण लागतं, आतला दाब वेळीच उतरवायची सोय लागते. कुणी हिशेबाचा कागद पुढं ठेवला तर आपण तीन गोष्टी विचारू या. कोणता भाग भिजलेला धरलात? तेल वाहून जायचा उतार प्रत्यक्ष जाऊन बघितलात का? आणि द्रव संपत आला की वरच्या पत्र्याचं काय होणार? हे विचारायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही.