खिडकीची काच : किंमत किती, उपयोग किती?

शासकीय इमारतीच्या अंदाजपत्रकात पाया, भिंती आणि छप्पर यांची बारकाईने छाननी होते. खिडकीची काच मात्र बहुधा पुरवठादाराच्या शब्दावर ठरते. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यात पंचायतीचे कार्यालय, आरोग्य केंद्र वा शाळा बांधताना या प्रश्नाकडे अधिक लक्ष देणे अगत्याचे आहे. वऱ्हाडातील उन्हाळ्याची तीव्रता सर्वश्रुत आहे.

काचेतून उष्णता दोन वाटांनी आत येते. एक, प्रत्यक्ष उन्हाबरोबर. दुसरी, बाहेरील व आतील तापमानातील फरकामुळे. साधी ६ मिलिमीटरची काच तीवर पडलेल्या उन्हातील उष्णतेचा सुमारे ८० टक्के भाग आत सोडते. पश्चिमेच्या खिडकीवर दुपारी दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन पडते, बाहेर ४३ अंश तापमान आहे आणि वातानुकूलित खोलीत २८ अंश आहे, असे धरू. उन्हाच्या वाटेने सुमारे ४८० वॅट उष्णता आत येईल, तर तापमानाच्या फरकामुळे अवघी ८५ वॅट. मधे हवा कोंडलेली साधी दुहेरी काच ही दुसरी वाट निम्म्यावर आणते. पण पहिली वाट जवळजवळ उघडीच राहते. एकूण उष्णता जेमतेम पंचमांशाने घटते, आणि खर्च मात्र दुपटीहून अधिक होतो. ऊन परतविणारा विशेष लेप दिलेली दुहेरी काच उष्णता निम्म्याहून कमी करते, हे खरे. तथापि, साध्या काचेवर बाहेरून सावली पाडली तरी जवळपास तोच परिणाम साधतो.

ही सावली दिशेप्रमाणे योजावी लागते. दक्षिणेकडील चार फूट उंचीच्या खिडकीवर दीड फुटाचा छज्जा असल्यास मार्चअखेरपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर मध्यान्हीचे ऊन काचेवर पडत नाही. पश्चिमेला ऊन तिरपे येत असल्याने छज्जा अपुरा पडतो. तेथे व्हरांडा, उभ्या पट्ट्या किंवा झाड हवे. खिडकीच लहान ठेवली तर सर्वांत स्वस्त! पडदा आतून लावल्यास उपयोग कमी, कारण तोपर्यंत ऊन काच ओलांडून आलेले असते.

जेथे वातानुकूलन नाही, तेथे दुहेरी काचेवरील खर्च समर्थनीय ठरत नाही. अशा खोलीला वारा हवा असतो. दोन पाखांची सरकती ॲल्युमिनियमची खिडकी कशीही सरकवली तरी निम्मीच उघडते. बिजागरीची संपूर्ण उघडते. हा भेद वर्गखोलीत लगेच जाणवतो. गडद रंगाची काच दिसण्यास भारदस्त असली तरी ती स्वतः तापून काही उष्णता आत टाकते, शिवाय भर दिवसा दिवे लावावे लागतात.

दुरुस्तीचाही विचार व्हावा. साधी काच तालुक्याच्या गावी मापाप्रमाणे कापून मिळते. कडक केलेली काच फुटल्यास तिचे बोथट, बारीक तुकडे होतात, म्हणून मुलांच्या वावराच्या जागी ती योग्य. परंतु ती नंतर कापता येत नाही, कारखान्यातूनच मापाची आणावी लागते. दुहेरी काचेचा कडेचा बंद सैल झाला की आत बाष्प साचते आणि संपूर्ण जोडच बदलावा लागतो.

वातानुकूलित सभागृह किंवा औषधभांडार यांसाठी लेपाची दुहेरी काच विचारात घेताना पुरवठादाराकडून तीन आकडे लेखी मागावेत : उन्हाची किती उष्णता आत येते, तापमानाच्या फरकामुळे किती येते आणि उजेड किती मिळतो. त्याच अंदाजपत्रकात साधी काच अधिक छज्जा असा पर्यायी खर्चही मांडून घ्यावा.