नाव हसरे, गाठ खरी

स्तनाच्या कर्करोगाचा विषय निघाला, की घरात स्वर खाली जातो. २०१२ साली मुंबईत सुरू झालेल्या महिलांच्या धावस्पर्धेने जनजागृतीचा गुलाबी रंग मॅरेथॉनशी जोडून ‘पिंकथॉन’ हे खेळकर नाव घेतले. वाशीम-कारंज्यातील आपल्या मंडळानेही निधीसाठी योजलेल्या हळदीकुंकवाला ‘गाठीभेटी’ म्हणून पाहावे. गाठ अंगात होते, तशी माणसांचीही पडते. मात्र उपचार घेतलेल्या भगिनीला हसू आले, तरच ते नाव ठेवावे. नंतर आजींना तपासणीस न्यावे. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २० वर्षांच्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. दुखत नाही म्हणून गाठ लपवू नका.