तगादा आणि तपास

मुक्त सॉफ्टवेअरची ओळख नेहमी अधिकारांच्या भाषेत करून दिली जाते. आज्ञावली वापरण्याचा, तिचा मूळ कोड वाचण्याचा, तो बदलण्याचा आणि इतरांना देण्याचा अधिकार. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून ही चळवळ याच पायावर उभी आहे. पण हे सारे अधिकार वापरणाऱ्याचे. लिहिणाऱ्याच्या वाट्याला काय येते? मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. जे कळते ते वाचून. या प्रकल्पांचा बराचसा पत्रव्यवहार जाहीर असतो. तो वाचताना माझे लक्ष कोडपेक्षा माणसांच्या बोलण्याकडे अधिक गेले.

पैशाचे म्हणाल, तर असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता ज्यावर अवलंबून होती, त्या ओपनएसएसएल प्रकल्पाला वर्षाकाठी जेमतेम २००० डॉलर देणगी मिळत होती. २०१४ साली ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष सापडला, तेव्हा ही गोष्ट सर्वांना कळली. मग स्वयंसेवकाची खरी मिळकत उरते ती लोकांच्या प्रतिसादाची. तिथेही एक मेख आहे. ज्याचे काम बिनबोभाट चालते तो गप्प असतो; ज्याचे अडते तोच पत्र लिहितो. त्यामुळे हजारोंचे समाधान लेखकापर्यंत पोचतच नाही, तक्रारी मात्र एकूण एक पोचतात.

याचा परिणाम कुठवर जाऊ शकतो, हे ‘एक्सझेड युटिल्स’च्या प्रकरणात दिसले. फायली दाबून लहान करणारी ही आज्ञावली लिनक्सच्या बहुतेक वितरणांत असते. फिनलंडचे लासे कॉलिन ती वर्षानुवर्षे मोकळ्या वेळात, जवळपास एकट्याने सांभाळत होते. २०२१च्या अखेरीस ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी लहानसहान दुरुस्त्या पाठवू लागले. २०२२मध्ये ‘जिगर कुमार’ आणि ‘डेनिस एन्स’ या नावांनी पत्रे येऊ लागली: दुरुस्त्या रेंगाळतात, सांभाळणाऱ्याला रस उरलेला नाही, काम दुसऱ्याकडे द्या.

त्या जूनमध्ये कॉलिन यांनी संयमाने उत्तर दिले. रस संपलेला नाही. पण मानसिक स्वास्थ्याच्या जुन्या त्रासामुळे आणि इतर कारणांमुळे हातून फार होत नाही. हे बिनपगारी, हौसेचे काम आहे, हेही ध्यानात असू द्यावे. टॅनवर पुढे अधिक जबाबदारी येऊ शकेल, असेही त्यांनी सुचवले. त्यावर आलेल्या पत्रात सहानुभूतीचे एक वाक्य होते आणि लगेच पुन्हा तीच मागणी.

पुढे टॅनला आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकार मिळाला. फेब्रुवारी आणि मार्च २०२४मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींच्या आड एक चोरदरवाजा दडवलेला होता. त्यातून दूरच्या सर्व्हरमध्ये परस्पर शिरता आले असते. टॅन कोण, हे आजही उघड झालेले नाही. तगादा लावणाऱ्या त्या नावांचा इतरत्र मागमूस नव्हता. ती याच कटाचा भाग असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात.

मला यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच वाटते. ती पत्रे तेव्हा कोणालाही संशयास्पद वाटली नाहीत, कारण खऱ्या वापरकर्त्यांची पत्रेही तशीच असतात. खोटे नाणे चालले, कारण खऱ्या नाण्याचा छाप तसाच होता. तगादा लावायचा तो सावकाराने. इथे ज्याने फुकट घेतले तोच देणाऱ्याच्या दारात बसतो, आणि कोणाला ते वावगे वाटत नाही.

पण प्रकल्प वाचला तोही प्रतिसादामुळेच. पोस्टग्रेसचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने आत शिरायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे दिसले. त्यांनी मोजमाप केले, कारण शोधत गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे जाहीर केले. काय दिसले, कोणत्या आवृत्तीत, कसे तपासले, आपली जाण कुठे अपुरी आहे, हे सगळे त्यांच्या पत्रात होते. त्या आवृत्त्या तोवर मुख्यतः चाचणीच्या वितरणांतच पोचल्या होत्या, म्हणून मोठा अनर्थ टळला.

एका प्रतिसादाने सांभाळणाऱ्याला थकवले, दुसऱ्याने त्याचे काम वाचवले. पहिल्यात माणसाच्या निष्ठेची झडती होती, दुसऱ्यात कामाची. मुक्त सॉफ्टवेअरवर अनेकांची नजर असते म्हणून ते सुरक्षित, असे म्हटले जाते. ती नजर कोडवर हवी; बरेचदा ती सांभाळणाऱ्याच्या उणिवांवरच खिळलेली असते.

मे २०२४मध्ये चोरदरवाजा काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती आली. ती प्रसिद्ध केली कॉलिन यांनीच. आपल्यापैकी अनेकांच्या संगणकावर फायरफॉक्स किंवा लिबरऑफिस असते. त्यात काही बिघडले तर आवृत्तीचा क्रमांक, काय केले आणि काय झाले, एवढे नीट लिहून कळवावे. आणि सारे सुरळीत चालले असेल, तर तेही एकदा कळवावे.