ठोकळ्याची परीक्षा

सरकारी पूल असो वा शाळेची इमारत, काँक्रीट ओततानाच त्याचे १५० मिलिमीटर बाजूचे ठोकळे भरतात, पाण्यात ठेवतात आणि २८ दिवसांनी यंत्राखाली फोडतात. काँक्रीटच्या ‘आयएस ४५६’ या भारतीय मानकानुसार एका नमुन्याचे तीन ठोकळे. ३१ ते ५० घनमीटर कामाला चार नमुने. फोडताना ताकदीची प्रत तपासतात: ‘एम-२०’ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसणारे काँक्रीट.

खरी मेख नमुना घेण्यात आहे. ठोकळ्यापुरता माल नीट कालवला आणि स्लॅबच्या मालात वरून पाणी मारले, तर अहवाल उत्तम, छत कच्चे! म्हणून नमुना ओतण्याच्या जागीच, अभियंत्यासमोर घ्यायला हवा. शंका राहिलीच तर बांधकामातून किमान तीन कोअर, म्हणजे दंडगोल तुकडे, कापून तपासतात. त्यांची सरासरी ताकद ठरलेल्या ताकदीच्या किमान ८५ टक्के भरावी लागते. एकही कोअर ७५ टक्क्यांखाली चालत नाही.