वाळवंटातले बिऱ्हाड

बिऱ्हाड हलविताना माणूस भांडीकुंडी नेतो, अंथरूण-पांघरूण नेतो, देव नेतो. आणि कोणत्याही पेटीत न मावणारी आणखी एक वस्तू नकळत बरोबर नेतो. ती म्हणजे आपल्या गावचे माप. पाऊस म्हणजे किती पाणी, हिरवे म्हणजे किती हिरवे, हे तो नव्या गावात जुन्याच मापाने मोजू लागतो आणि पहिले काही महिने त्याचा जमाखर्च काही केल्या जुळत नाही. पुण्याहून नागपुरास बदली झालेल्या कारकुनालाही हा अनुभव येतो. पण तो पूर्ण रंगात पाहावयाचा असेल, तर अमेरिकेच्या नैर्ऋत्येस, न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरी जावे.

माझी धाकटी बहीण नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झाली आहे. कॉलेजातून वर्षभराची रजा काढून २०२२ च्या जूनमध्ये मी तिच्याकडे गेले. आम्ही दोघी मूळच्या रत्नागिरीच्या. म्हणजे आमचे माप वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाचे! अल्बुकर्कीत वर्षभरात पडतो तो सव्वादोनशे मिलिमीटरच्या आसपास. आमच्या गावी आषाढातल्या एखाद्या दांडग्या दिवशी तेवढा कोसळून जातो.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जैसलमेर उभे राहते. हे वाळवंट तसे नव्हे. ते उंचावरचे आहे. महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. अल्बुकर्कीचा नदीकाठच मुळी १,५०० मीटरच्या आसपास आहे, आणि पूर्वेकडे सांदिया डोंगराच्या पायथ्याशी वसलेली घरे तर कळसूबाईच्या माथ्याहूनही वर आहेत. साडेपाच लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर म्हणजे शिखरावर मांडलेला संसारच म्हणावयाचा.

त्यामुळे नवख्या माणसाला पहिली ओळख पटते ती नजरेने नव्हे, शरीराने. दोन जिने चढले की धाप लागते. आठवडाभरात ओठ फुटतात आणि एखाद्या सकाळी नाकातून रक्त येते. घाम येतो तसाच उडून जातो. म्हणून “तहान लागण्याची वाट पाहू नका, पाणी पीत राहा,” हा उपदेश प्रत्येक जण करतो. स्वयंपाकघरात तर नव्याने धडे गिरवावे लागतात. पाणी शंभर अंशांऐवजी पंचाण्णवाच्या सुमारास उकळते. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासन्‌तास हटून बसते. कूकर ही केवळ सोय नसून गरज आहे, हे मला तेथे कळले. भाकरी थापावी तो तिच्या कडांना चिरा पडतात. उलट दोरीवरची साडी तासाभरात कडकडीत वाळते, आणि पापड-कुरडयांना असे ऊन तर इंद्राच्या गच्चीवरही मिळायचे नाही.

शहराला नवागतांची सवय आहे. या खोऱ्यात प्वेब्लो लोक शतकानुशतके राहत आले. शहराच्या उत्तरेस आणि दक्षिणेस त्यांची गावे आजही नांदती आहेत. १७०६ साली स्पॅनिश वसाहतवाल्यांनी गाव वसविले. १८८० मध्ये आगगाडी आली आणि तिच्यातून क्षयरोगी उतरू लागले. कोरडी हवा हेच तेव्हा औषध. मिरजेजवळच्या वानलेसवाडीची आठवण व्हावी अशी आरोग्यधामे रेल्वेपासून जवळच उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर शास्त्रज्ञ आले, प्रयोगशाळा आल्या. १९४० साली पस्तीस हजारांची असलेली वस्ती १९६० साली दोन लाखांवर गेली. प्रत्येक लाटेने आपापले माप बरोबर आणले.

नवागतांचे मला दोन वर्ग दिसले: ओल्या मुलखातून आलेले आणि कोरड्या मुलखातून आलेले. पहिला वर्ग विमानातून उतरताच विचारतो, “झाडे कुठे आहेत?” दुसऱ्या वर्गातली एक मुलगी मला विद्यापीठाजवळ भेटली. ती दहिवडीकडची. माणदेशात पाऊस बेताचाच; येथे त्याच्याही निम्म्याच्या आसपास. ती म्हणाली, “बाई, पहिल्या दिवशी टेकडीवर उभी राहिले, आणि बांधावर उभी असल्यासारखं वाटलं.” नागपूरच्या एका गृहस्थांना आनंद झाला तो छपरावरचा कूलर पाहून. तीच ओल्या ताट्यांतून वारा खेचण्याची युक्ती. फक्त वाळ्याच्या जागी लाकडाचा भुसभुशीत कीस. “आणि पाऊस सुरू झाला की आमच्याकडच्यासारखाच निकामी होतो!” हे सांगताना त्यांना जे समाधान झाले, ते पाहण्यासारखे होते.

खरोखर, बारकाईने पाहू लागले की ओळखीच्या खुणा पटू लागतात. माती आणि काड यांच्या उन्हात वाळवलेल्या विटांची, सपाट छपरांची जुनी घरे पाहून सोलापूर-मराठवाड्यातली माळवदे आठवतात. शरद ऋतूत रस्तोरस्ती लोखंडी जाळीच्या पिंपात हिरव्या मिरच्या भाजतात आणि साऱ्या गावात खमंग ठसका दरवळतो. दारांवर लाल मिरच्यांच्या माळा लोंबतात. जेवावयास बसले की वाढणारा विचारतो, “लाल की हिरवी?” हा प्रश्न तेथील विधिमंडळाने ‘राज्यप्रश्न’ म्हणून मान्य केलेला आहे! आपल्याकडे मिरची पोर्तुगीजांनी आणली ती अमेरिका खंडातूनच, हे ध्यानी घेतले म्हणजे आपणच तिच्या माहेरी आलो आहोत, असे वाटते.

पण मापाचा खरा कस लागतो तो पाण्यापाशी. बहिणीने घर घेतले ते पुढच्या हिरवळीवर भाळून. “ताई, डोळ्यांना तेवढाच आधार गं,” ती म्हणे. तिचा सहा वर्षांचा मुलगा दिवसभर त्या गवतावर लोळे. पाण्याचे बिल येई ते ती मुकाट्याने भरी. शेजारी एक वृद्ध स्पॅनिशवंशीय बाई राहत. त्यांचे माहेर नदीकाठच्या शेतकऱ्यांचे. एकदा कुंपणापलीकडून त्यांनी सहज विचारले, “गवत फार सुंदर आहे हो. त्याला पिकतं काय?” बहीण हसली, पण तो प्रश्न घरात राहिला.

त्या बाईंनीच मला त्यांच्या पाटांची पद्धत सांगितली. पाटाला तेथे ‘असेकिया’ म्हणतात. शब्द मूळचा अरबी, स्पेनमार्गे आलेला. पाटाचे सारे वाटेकरी वसंतात एकत्र येऊन तो उपसतात आणि ‘मायोर्दोमो’ नावाचा नेमलेला माणूस पाळीपाळीने पाणी सोडतो. धुळे-नाशिककडे पांझरा-मोसमच्या काठची फड पद्धत आणि तिचा पाटकरी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना निराळे सांगावयास नको.

शहराने मात्र हा शहाणपणा बराच काळ दूर ठेवला होता. पायाखाली जमिनीत पाण्याचा मोठा साठा आहे, या भरवशावर अंगणोअंगणी हिरवळी वाढल्या. १९९३ साली भूगर्भशास्त्रज्ञांच्या अहवालाने दाखविले की साठा समजला जात होता त्याहून पुष्कळ लहान आहे आणि पातळी झपाट्याने खाली जात आहे. तेव्हा शहराचा पाणीवापर माणशी दररोज साडेनऊशे लिटरच्या घरात होता. मग गळत्या बंद झाल्या, हिरवळ काढणाऱ्यास बिलात सूट मिळू लागली, आणि २००८ च्या अखेरीपासून डोंगराखालच्या बोगद्यांतून कोलोरॅडो खोऱ्यातले पाणी वळवून पिण्यासाठी वापरात आले. माणशी वापर जवळजवळ निम्म्यावर आला. जमिनीतली पातळी पुन्हा चढू लागली.

तरीही २०२२ च्या जुलैअखेर, सुमारे चाळीस वर्षांत प्रथमच, रिओ ग्रांदेचे पात्र शहरातच काही मैल कोरडे पडले. ‘रिओ ग्रांदे’ म्हणजे महानदी! आम्ही पाहावयास गेलो. पुलाखाली भेगाळलेला गाळ, मधून मधून डबकी. भाच्याने विचारले, “मावशी, नदी कुठे गेली?” रत्नागिरीच्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. परतताना गाडीत कोणी बोलले नाही. घरी आलो तेव्हा हिरवळीवर फवारा चालू होता.

त्यानंतर पाऊस आला. तेथेही त्याला ‘मान्सून’च म्हणतात, जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग दाटतात. कधी आकाशातून पावसाच्या करड्या झालरी लोंबताना दिसतात, आणि जमिनीला टेकण्यापूर्वीच हवेत विरून जातात. ज्या दिवशी खरोखर पडतो, त्या दिवशी कोरडे ओढे घटकेत दुथडी भरतात. नदी पुन्हा वाहती झाली. पण बहिणीचे मन ठरले होते. ऑक्टोबरात तिने हिरवळ काढविली. तिच्या जागी खडी आली, आणि थोडक्या पाण्यावर जगणारी त्याच मातीतली झुडपे. भाचा दोन दिवस रुसला. तीही त्या संध्याकाळी दारात उभी राहिली नाही. आपले माप टाकून देणे सोपे नसते. रत्नागिरीच्या अंगणाची जी आठवण तिने गवतात जपली होती, ती आता खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीपुरती उरली. पुढच्या वसंतात त्या झुडपांना फुले आली तेव्हा शेजारच्या बाई कुंपणाशी आल्या आणि त्यांची नावे एकेक करून तिला शिकवू लागल्या.

नाताळच्या आदल्या रात्री त्या शहरात कागदी पिशव्यांत वाळू भरून तीत मेणबत्त्या लावतात आणि घरांच्या भिंतींवर, पायवाटांवर त्यांच्या ओळी मांडतात. दिवाळी परदेशात हरवते, ही माझी समजूत त्या रात्री दूर झाली. आमच्या दारातही त्या खडीवर पन्नास दिवे होते. भाच्याने स्वतः मोजून ठेवलेले.

मे महिन्यात मी परतले. आता बहिणीचा फोन येतो तेव्हा ती पूर्वीसारखी “तिकडे पाऊस किती गं?” एवढेच विचारून थांबत नाही; स्वतःचाही हिशेब देते. परवा आवाजात केवढा आनंद होता! म्हणाली, “ताई, आज आठ मिलिमीटर पडला!”

आमच्या आईने तो आकडा ऐकला आणि विचारले, “एवढ्याशा पावसाचं काय कौतुक?” मी तिला म्हटले, “आई, तिचं माप आता तिथलं झालंय.”