सभागृहातली माणसं – ७ : सांगोल्याचे आबा

गेल्या आठवड्यात आपण कृष्णराव धुळपांविषयी वाचलं. त्यांच्याच शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव देशमुख ऊर्फ आबा १९७७ मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. ते पद त्यांच्याकडे काही महिनेच होतं. पुढच्याच वर्षी पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दलाचं) सरकार आलं आणि आबा मंत्री झाले. आज मात्र त्यांचं नाव निघालं की ना ते पद आठवतं, ना मंत्रिपद. आठवतो तो ११ हा आकडा.

१९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, २०१४ ला अकराव्यांदा. पक्ष एकच, मतदारसंघही एकच, सांगोला. करुणानिधी १३ वेळा आमदार झाले खरे, पण मतदारसंघ बदलत. मला स्वतःला अकरा विजयांपेक्षा मधले दोन पराभव जास्त बोलके वाटतात. १९७२ च्या काँग्रेस लाटेत आबा पडले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवलं. (हेच ते बापू. बाकीच्या महाराष्ट्राला ते २०२२ मध्ये शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीच्या झाडी-डोंगरामुळे कळले, इतकंच.) १९९९ ला आबांनी जागा परत घेतली. म्हणजे सांगोला त्यांना आंदण मिळालेला कधीच नव्हता.

मग ते निवडून येत कसे? एसटीने फिरायचे, साधे राहायचे, हे उत्तर सगळे देतात. पण साधे आमदार पुष्कळ झाले आणि पडलेही. सांगोल्यात धनगर समाज मोठा, आबा त्याच समाजातले, हे गणित नाकारण्यात अर्थ नाही. गावोगावी लाल बावट्याचे कार्यकर्ते होते. शिवाय शेतकरी सहकारी सूतगिरणी होती. राज्यातल्या कितीतरी सहकारी गिरण्या कर्जात बुडाल्या, सांगोल्याची चालत राहिली. दुष्काळी तालुक्यात बारमाही पगार म्हणजे काय, हे ज्याच्या घरात तो येतो त्यालाच विचारावं.

सगळ्यात मोठा प्रश्न पाण्याचा. माणगंगेचं हे खोरं पर्जन्यछायेत येतं. कृष्णा फार लांब नाही, पण ती खालून वाहते आणि हा मुलूख उंचावर आहे. पाणी आणायचं तर टप्प्याटप्प्याने पंपांनी उचलायला हवं. त्यासाठी आधी योजनेला मंजुरी हवी, मग दरवर्षी निधी, आणि पंप चालू झाल्यावर विजेचं बिल कोण भरणार हा वाद. यातलं काहीही एका अधिवेशनात सुटत नाही. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींसोबत आबांनी १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या. सांगली, सातारा, सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांतली माणसं तिथे जमत. बाहेर परिषद आणि आत प्रश्नोत्तराचा तास, असा दुहेरी रेटा वर्षानुवर्षं चालला. टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं पाणी या भागाकडे सरकलं त्यामागे हा रेटाही होता. विरोधी बाकावरच्या आमदाराच्या हातात निधी नसतो, चिकाटी असते. आबांनी ती कामाला लावली.

१९९९ ला विलासराव देशमुखांच्या सरकारात ते पुन्हा मंत्री झाले. त्या कारकिर्दीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, त्यांचा खरा पिंड विरोधी बाकावरचाच.

त्यांना जमलं नाही ते पक्ष वाढवणं. १९६२ ला शेकाप हा राज्यातला मुख्य विरोधी पक्ष होता, २०१४ ला त्याचे तीन आमदार उरले. आबांचा मतदार आबांना मत देत होता, पक्षाला किती देत होता याची शंकाच आहे. २०१९ ला ते स्वतः उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. जिंकले पुन्हा शहाजीबापूच. ३० जुलै २०२१ ला, वयाच्या ९४ व्या वर्षी, आबा गेले. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी बापूंना हरवलं. आजच्या विधानसभेत शेकापची ती एकच जागा आहे.