दुर्मीळ सारस, सामान्य वड : मोल कशावर ठरते?

भोपाळच्या मोठ्या तलावालगतच्या उथळ पाण्यात सारस क्रौंच आढळतो. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असलेला हा पक्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. त्याच शहरात वड-पिंपळ रस्तोरस्ती उभे आहेत. त्यांची कोणाला चिंता वाटत नाही. मग संरक्षणाचा पहिला हक्क कोणाचा?

लाल यादी एखादी जात नामशेष होण्याचा धोका मोजते. घटती संख्या आणि आक्रसणारा अधिवास हे तिचे प्रमुख निकष. ती जात निसर्गात कोणते कार्य करते, हे त्या यादीतून कळत नाही. सारसाची जोडी एका विणीत बहुधा दोनच अंडी घालते आणि घरट्यासाठी तिला पाणथळ जागा लागते. ती बुजली, तर अन्यत्र झाडे लावून भरपाई होत नाही.

वडाचे मोल निराळे. इतर झाडे फळांविना असताना वडा-उंबरांच्या कुळातील एखादे झाड फळलेले असते. धनेश, हरियाल, वटवाघळे त्यावर तगतात. शिवाय वडाचे परागीभवन चिलटाएवढा एक विशिष्ट कीटक करतो. म्हणजे या महावृक्षाचे बीजही एका नगण्य वाटणाऱ्या जिवाच्या हाती आहे.

दुर्मिळाला यादीचे कवच लाभते. भोपाळचे भोज पाणथळ क्षेत्र 2002 पासून रामसर स्थळ आहे. सामान्याच्या वाट्याला मात्र बहुधा परवानगीचा कागद येतो. जून 2024 मध्ये मंत्री-आमदारांच्या निवासस्थानांसाठी भोपाळच्या शिवाजीनगर, तुळशीनगर भागांतील हजारो झाडांवर कुऱ्हाड येणार होती. नागरिकांच्या विरोधामुळे सरकारला तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला.

गोव्याला हे नवे नाही. कुडचड्याचे नंदा तळे 2022 मध्ये रामसर यादीत आले. उलट, दारोदारी दिसणारा माड 2016 मध्ये कायद्याच्या व्याख्येतून ‘वृक्ष’ म्हणून वगळला गेला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा दाखल करावा लागला.

म्हणून तुलनेत एकाला जिंकवणे व्यर्थ आहे. दुर्मीळ जीव गेला, तर तो परत येत नाही. सामान्य वृक्ष गेला, तर त्याच्या आश्रयाला असलेले अनेक जीव दुर्मीळ होऊ लागतात. विकासाचा प्रस्ताव तपासताना म्हणूनच दोन प्रश्न विचारायला हवेत : येथे धोक्यातील कोण राहते, आणि येथील सामान्यावर कोण जगते?